ज्या रविवारी वीज गेली नाही

१

मुलांनो, एक दुकान डोळ्यांसमोर आणा. नाशिकमधली एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना औषधांची घाऊक दुकानं. त्यातल्या ‘शुभोदय एजन्सी’त शिरा. पुढे लांब काउंटर, मागे छतापर्यंत रचलेली खोकी आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरा फ्रिज. तुमच्या घरी असतो तसाच, पण यात दूध नाही की आंबे नाहीत. यात आहेत लहान बाळांना टोचायच्या लसीच्या बाटल्या, अंगठ्याएवढ्या. एका बाटलीत एका बाळाची लस.

त्या फ्रिजकडे नीट बघून घ्या. कारण या गोष्टीतली मोठी माणसं तो सोडून सगळीकडे बघत होती.

साल २००६. मे महिन्यातला मंगळवार, सोळा तारीख. सकाळी अकराच्या सुमारास सविता गायधनी दुकानात आल्या. वय बावन्न, खांद्याला जड पिशवी. लस बनवणाऱ्या कंपनीत माल तपासण्याचं काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. इतकी वर्षं ते काम केलं की माणसाला एका वाक्याचा फार कंटाळा येतो. ते वाक्य म्हणजे ‘चालतं हो मॅडम’.

त्यांनी पिशवीतून बर्फाचा डबा काढला आणि डब्यातून एक बाटली काढून काउंटरवर ठेवली.

“धनराजशेठ, ही चांदवडच्या डॉक्टर सोनजेंनी परत पाठवली. तुमच्याकडचीच आहे. हलवून बघा.”

धनराज आहेर दुकानाचे मालक. त्यांनी बाटली हलवली. आतलं औषध दुधासारखं एकजीव दिसायला हवं होतं. त्यात पांढरे कण तरंगत होते, नासलेल्या दुधासारखे.

“असं होतं कधी कधी,” शेठ म्हणाले. “चालतं हो मॅडम.”

सविताबाईंनी डोळे मिटले आणि उघडले.

“नाही चालत. ही लस मेलेली आहे. टोचली तर बाळ रडेल, आईला वाटेल लस झाली, आणि बाळाला डांग्या खोकल्यापासून काही संरक्षण मिळणार नाही. सोनजेंनी सहा बाळांना टोचली. सातव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं. तुम्ही ही लस अजून कुणाला दिलीत?”

“सायखेड्याला डॉक्टर कुटेबाईंना. आणि इथल्या तिघा-चौघांना.”

“सायखेड्याला लस कधी टोचतात?”

शेठनी बाटली खाली ठेवली. उत्तर मागून आलं. पोरसवदा आवाज होता.

“दर बुधवारी. म्हणजे उद्या.”

२

बोलली ती पूजा, शेठची मुलगी. वय अकरा. घर दुकानाच्या वरच होतं आणि शाळेला सुट्टी, म्हणून ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून आंब्याची कोय चोखत होती.

“तू वर जा,” शेठ म्हणाले.

“वर कुलर बंद आहे, पप्पा. वीज गेलीय.”

खरंच गेली होती. त्या उन्हाळ्यात नाशिकमध्ये रोज ठरल्या वेळी वीज जायची. त्यामुळे कुठेही काहीही बिघडलं की माणसं वर हात करायची आणि भारनियमनाचं नाव घ्यायची. शेठनीही तेच केलं.

“आता तुम्हीच बघा. रोज तीन-चार तास वीज नाही. लस गरम होणार नाही तर काय? आम्ही काय हाताने वारा घालायचा बाटल्यांना?”

“म्हणजे लस गरम झाली म्हणता?”

“तर काय.”

“मग वहीत तसं दिसायला हवं. आणा वही.”

फ्रिजमधली लस दोन ते आठ अंशांमध्ये राहायला हवी. त्यासाठी रोज तीनदा तापमान बघून वहीत लिहायचं असतं. मनोजने वही आणली. हा शेठचा पुतण्या, वय पंचवीस, भांडार याच्याकडे. वही इतकी सुंदर होती की एखाद्या शाळेने भिंतीवर लावावी. एक एप्रिलपासून आजपर्यंत एकही खाडाखोड नाही. ४.६, ५.२, ४.८. प्रत्येक ओळीपुढे मनोजची सही.

“रोज तू बघतोस?”

“रोज. तिन्ही वेळा.”

“रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा, मॅडम. लसीला कुठे सुट्टी असते?”

वाक्य छान होतं. पाठ केल्यासारखं छान. सविताबाईंनी फ्रिजचं दार उघडलं. आत डिजिटल थर्मामीटर लटकत होता, नवा कोरा. फ्रिजवर त्याचं खोकं पडलं होतं. त्यांनी खोक्यातलं हमीपत्र काढून वाचलं आणि परत घडी घालून ठेवलं.

“या वहीप्रमाणे तुमची लस कधीच गरम झाली नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तुमच्या तोंडाप्रमाणे रोज होते. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा. मला एकच सांगा. लस कोणत्या दिवशी बिघडली? तो दिवस कळला तर त्यानंतर गेलेल्या सगळ्या बाटल्या परत मागवता येतील, आणि ज्यांना टोचली त्या बाळांना पुन्हा टोचता येईल. नाही कळला तर कुणाला बोलवायचं?”

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि शेठच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली.

“हा आला बघा. यालाच विचारा. चांदवडला माल हाच घेऊन गेला होता.”

३

आलेला माणूस गोरक्ष. माल पोचवायचं काम त्याचं. सायखेड्याचा, चाळिशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. त्याने खांद्यावरची बर्फाची पेटी खाली ठेवली आणि सगळ्यांचे चेहरे पाहिले.

“काय झालं? कोन गेलं?”

“कुणी गेलं नाही,” सविताबाई म्हणाल्या. “पेटीत लस कशी ठेवतोस ते दाखव.”

“खाली बर्फ. वर पेपरची जाड घडी. मंग बाटल्या. बाटली बर्फाला चिकटू द्याची नाय. तुमीच शिकवलंय की जानेवारीत.”

“कधीतरी विसरला असेल,” शेठ म्हणाले. “माणूस आहे. घाई असते.”

गोरक्षने मान वळवून शेठकडे पाहिलं. “शेठ, पंधरा वर्सं झाली. एक बाटली फुटली नाय माझ्या हातून. आता मी इसरलो काय?”

सविताबाईंना इथे राग आला, पण त्यांनी तो घोटभर पाण्याबरोबर गिळला. मग त्या काय करतात ते बघा, मुलांनो. एखाद्याने दुसऱ्यावर बोट दाखवलं की भांडत बसायचं नाही, तपासायचं. त्यांनी फ्रिजमधून दोन बाटल्या काढल्या. दोन्ही एकाच खेपेच्या मालातल्या, पण एक खालच्या कप्प्यातली आणि एक वरची, बर्फाच्या खणाला लागून असलेली. या बाटल्या दुकानाबाहेर गेलेल्याच नव्हत्या. त्यांनी दोन्ही जोरात हलवल्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या.

“आता अर्धा तास कुणी हात लावायचा नाही.”

पूजा दोन पायऱ्या खाली आली.

“काय होणार, काकू?”

“तूच बघ आणि मला सांग.”

अर्ध्या तासात शेठनी चारदा घाम पुसला. मनोजने एकच खोकं तीन वेळा मोजलं. पूजा मात्र बाटल्यांसमोर हनुवटी टेकवून बसली होती.

“ही दुधासारखीच आहे,” ती म्हणाली. “आणि या वरच्या कप्प्यातल्या बाटलीत पांढरं सगळं खाली बसलं. वर नुसतं पाणी राहिलं.”

“बरोबर. लस उन्हाने गरम झाली तर डोळ्यांना काही दिसत नाही. असा साका फक्त एकाच गोष्टीने होतो.” सविताबाईंनी बाटली उचलली. “ही लस गोठली होती. तिचा बर्फ झाला आणि मग तो वितळला. लसीला जशी उष्णता सोसत नाही तशी जास्त थंडीही सोसत नाही. जास्त थंडी म्हणजे जास्त चांगलं असं नसतं.”

शेठ हसल्यासारखे झाले.

“बर्फ? मॅडम, इथे वीज टिकत नाही आणि तुम्ही बर्फाचं बोलता?”

“हो. त्याचाच मी सकाळपासून विचार करतेय. गोरक्षची पेटी नव्हे, हाच फ्रिज. पण या उन्हाळ्यात, या गल्लीत, बर्फ होण्याइतका वेळ वीज मिळाली कधी?”

गोरक्ष कपाळ खाजवत होता. “एकदा मिळाली की,” तो म्हणाला.

४

“गेल्याच्या गेल्या रविवारी. सात तारखेला,” गोरक्ष सांगू लागला. “पेपरात आलं व्हतं ना, तारांचं काम हाय, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा वीज बंद. आमच्या खोलीवर बायकोनं शनिवारीच पिठाची गिरणी उरकली. अन् रविवारी काय, वीज गेलीच नाय. काम रद्द झालं म्हने. दिवसभर पंखा. लय झोपलो मी.”

“आमचा कुलर पण दिवसभर चालू होता,” पूजा म्हणाली.

“मनोज,” सविताबाई वळल्या, “रविवारी तू तापमान बघायला आलास तेव्हा वीज होती?”

“होती. म्हणजे... सकाळी नव्हती बहुतेक. मग आली.”

“मनोजभाऊ कुठं इथं व्हते?” गोरक्ष सरळपणे म्हणाला. “शनिवारी दुपारी मीच तर सोडलं यांना सीबीएसच्या स्टँडवर, नांदगावच्या गाडीला. चुलतबहिणीचं लगीन. सोमवारी जेवणाच्या टायमाला आले परत. लाडू नाय आनले ते नाय आनले.”

मनोजचे कान लाल झाले.

मुलांनो, मोठी माणसं खोटं बोलताना एक गंमत करतात. जे विचारलं जाईल त्याचं उत्तर तयार ठेवतात आणि शेजारच्या माणसाला काय माहीत आहे ते विसरतात.

“आता मी सांगते,” सविताबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या, कारण त्यांचे गुडघे दुखत होते. “जानेवारीत मी इथे गोल काट्याचा थर्मामीटर बसवला होता. त्याच्यावर दोन, चार, सहा अशा रेघा. त्यावर चार पूर्णांक सहा दशांश वाचता येत नाही, कुणालाच. ते फक्त या डिजिटलवर दिसतं. याच्या हमीपत्रावर तारीख आहे नऊ मे. आणि वहीत दशांश आहेत एक एप्रिलपासून. म्हणजे ही वही नऊ मेनंतर बसून नवी लिहिली आहे. जुनी वही दिसू नये म्हणून. मनोज, सह्या तुझ्या. पण अक्षर तुझं नाही, तुझं मी जानेवारीत पाहिलंय. कुणाचं आहे?”

मनोजने शेठकडे पाहिलं. शेठनी रस्त्याकडे पाहिलं.

“माझं,” पूजा म्हणाली.

५

“तिला काही कळत नाही,” शेठ घाईने म्हणाले. “अक्षर चांगलं आहे म्हणून मी म्हटलं सुट्टीत लिहून काढ. शुद्धलेखन होतं.”

“शुद्धलेखन,” सविताबाईंनी शब्द परत म्हटला आणि पूजाकडे वळल्या. “जुन्या वहीत काय होतं गं?”

पूजाने आधी वडिलांकडे पाहिलं. शेठ काउंटरवर बोटाने रेघा ओढत होते.

“सोमवारी सकाळी मनोजदादा आला नव्हता, म्हणून पप्पांनी मला थर्मामीटर बघायला सांगितलं. काटा शून्याच्या डावीकडे गेला होता. तिकडचा आकडा कसा लिहायचा ते मला येत नव्हतं. म्हणून मी वहीत थर्मामीटरचं चित्र काढलं, काट्यासकट. आणि वरच्या बाटल्यांतलं औषध कडक झालं होतं. मी पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, थर्मामीटर बिघडलाय, नवीन आणू. मग बिघडलेल्या थर्मामीटरचे आकडे खोटे, ते नीट करून लिही म्हणाले. मला वाटलं...”

तिने ओठ आत ओढून घेतले.

“शेठ, शनिवारी दुकान कुणी बंद केलं?” सविताबाईंनी विचारलं.

वीज आली, पंखा फिरू लागला आणि काउंटरवरचे कागद फडफडले.

“मी,” शेठ म्हणाले. “दहा तास वीज नाही म्हणून छापून आलं होतं. आत एवढी लस. मी फ्रिजचं बटण सातवर केलं, सगळ्यात गार. गारवा साठून राहील म्हणून. घरीपण करतो आपण तसं, वीज जायच्या आधी. सगळं नाशिक करतं. मला काय माहीत जाणारच नाही ते? दोन रात्री आणि एक दिवस फ्रिज फुल चालला.”

“मग सोमवारी?”

“बर्फ वितळला की म्हटलं पहिल्यासारखं होईल. औषध ते औषध. पाण्याचं होतं ना तसं.” त्यांनी मान खाली घातली. “मग कुणीतरी म्हणालं, गोठलेली चालत नाही. तोवर सोनजेंचा माल गेला होता. एजन्सी गेली असती, मॅडम. वीस वर्षं उभी करायला लागली. या दोघांची पोटं आहेत तिच्यावर.”

“आणि म्हणून थोड्या वेळापूर्वी गोरक्षच्या पोटावर पाय देत होतात.”

गोरक्षने पेटीचा पट्टा उगाच घट्ट केला. “जाऊ द्या मॅडम,” तो म्हणाला. पण त्याने शेठकडे पाहिलं नाही.

सविताबाई उठल्या. आता त्यांचा आवाज चढला नाही, उलट फार दमलेला झाला.

“मला दर वर्षी असे धनराजशेठ भेटतात. शनिवारी तुम्ही बटण फिरवलंत ती चूक. लस वाचावी म्हणून केलेली चूक. तुम्ही सोमवारी मला फोन केला असता तर कंपनीने माल बदलून दिला असता आणि मी तुम्हाला चहा पाजला असता. त्याऐवजी तुम्ही काय केलंत? थर्मामीटर बदललात. वही बदललीत. सही पुतण्याची घेतलीत, अक्षर पोरीचं घेतलंत. स्वतःचं काय लावलंत त्यात? जाऊ द्या. आधी फोन. आठ तारखेपासून माल गेलेल्या प्रत्येक डॉक्टरला. पहिला सायखेड्याला.”

शेठनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. हात फोनवर ठेवला आणि तिथेच थांबले.

“असं सांगू का,” ते म्हणाले, “की कंपनी माल बदलून देतेय. नेहमीचंच आहे. उरलेल्या बाटल्या परत द्या. म्हणजे उद्याच्या बाळांचं काम झालं. आणि नावही राहील. चाल...”

“म्हणू नका ते,” सविताबाई म्हणाल्या.

“पण उद्याची बाळं तर वाचली ना.”

“उद्याची वाचली. आणि गेल्या बुधवारची? कुटेबाईंकडे माल कधी पोचला, गोरक्ष?”

“मंगळवारी. नऊ तारखेला.”

“म्हणजे दहा तारखेच्या बुधवारी त्यांनी टोचली. त्या बाळांच्या आया आज निवांत आहेत. तुम्ही ‘नेहमीचंच आहे’ म्हणालात, तर कुटेबाई त्यांना कशाला परत बोलावतील? त्यांना खरं कळल्याशिवाय ती बाळं सापडणार नाहीत. मी फोन करू शकते. पण मी केला तर तुम्ही उद्या बाजारात सांगाल, कंपनीच्या बाईने उगाच घोळ घातला. तुम्ही विकलीत, तुम्ही सांगा.”

शेठचा हात फोनवरच होता. एक मिनिट झालं, दोन झाली. रस्त्यावरून हातगाडीवाला ओरडत गेला. मनोज म्हणाला, “काका, करू का मी?” शेठनी मान हलवली, ती हो होती की नाही ते कुणालाच कळलं नाही.

पूजा जिन्यावरून खाली आली. तिने वडिलांचा हात फोनवरून हळूच बाजूला केला, जसा झोपलेल्या माणसाचा करतात तसा.

“गोरक्षकाका, कुटेबाईंचा नंबर सांगा.”

गोरक्षने सविताबाईंकडे पाहिलं. त्यांनी अडवलं नाही. त्याने रुमालाच्या घडीतली चिठ्ठी काढून नंबर वाचला. पूजाने एकेक बटण दाबलं.

“हॅलो. कुटे डॉक्टर आहेत का? मी शुभोदय एजन्सीमधून पूजा बोलतेय. आम्ही तुम्हाला लस दिली ना, ती आमच्या फ्रिजमध्ये गोठली होती. आमच्याकडून चूक झाली आणि आम्ही ती तुम्हाला सांगितली नाही. उद्या ती कुणाला टोचू नका. आणि गेल्या बुधवारी ज्यांना टोचली त्यांना परत बोलवा.”

पलीकडून बरंच बोलणं आलं. पूजा ऐकत राहिली. तिच्या दुसऱ्या हाताची मूठ फ्रॉकच्या कडेवर आवळली होती. मग पलीकडून एक प्रश्न आला, इतक्या मोठ्याने की काउंटरपाशी उभ्या सगळ्यांना तो ऐकू गेला.

“अगं बाळा, तिथे मोठं कुणी नाही का?”

“आहेत,” पूजा म्हणाली. “देते.”

आणि तिने रिसीव्हर वडिलांपुढे धरला. त्यांनी तो लगेच घेतला नाही, पण तिनेही हात खाली केला नाही.